उपकारस्तुती आणि मिंधेपणा : रेव्हरंड ना. वा. टिळक यांचा जीवनमार्ग

१

नागपूरहून पूर्वेस जाणारा लोहमार्ग भंडारा रोड, गोंदिया, आमगाव आणि सालेकसा ही स्थानके मागे टाकून दरेकसा येथे येतो. येथून पुढे डोंगर आणि दाट रान ओलांडून तो डोंगरगडला व तेथून राजनांदगावला पोहोचतो. दरेकसा हे गाव १९९९ पूर्वी भंडारा जिल्ह्यात होते. त्या वर्षी गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाल्यापासून ते त्या जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यात मोडते. मराठी मुलूख येथे संपत येतो आणि छत्तीसगड सुरू होते. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात या सीमेवरच्या रेल्वेमार्गाला एक स्थान आहे, ते मात्र सहसा ध्यानात येत नाही. १८९३ मध्ये नारायण वामन टिळक याच मार्गाने नागपूरहून राजनांदगावला चालले होते. डब्यात एक युरोपीय सहप्रवासी होता. दोघांचे बोलणे संस्कृत काव्यापासून सुरू झाले आणि धर्माकडे वळले. निरोप घेताना त्या गृहस्थाने टिळकांना नव्या कराराची प्रत दिली आणि दोन वर्षांच्या आत ते ख्रिस्ती होतील असे भाकीत केले. टिळकांना त्या वेळी ते भाकीत विचित्र वाटले. तथापि घेतलेले पुस्तक वाचण्याचे वचन त्यांनी पाळले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

या प्रसंगाची नोंद टिळकांच्या चरित्रांत धर्मांतराची पूर्वपीठिका म्हणून होते, आणि ते योग्यही आहे. परंतु त्यातून एक वेगळा प्रश्नही उद्भवतो. कोणाकडून काही मिळाले असता माणूस त्याचे देणे कसे लागतो? ज्याने पुस्तक दिले त्याचे देणे, ज्या भाषेत ते वाचले त्या भाषेचे देणे, ज्या परंपरेने ते समजून घेण्याची पात्रता दिली तिचे देणे, आणि ज्या ईश्वराची ओळख झाली त्याचे देणे, ही सारी देणी एकाच जातीची आहेत काय? टिळकांचे पुढील चोवीस वर्षांचे आयुष्य या प्रश्नाची उकल करण्यात गेले, असे म्हणता येईल. ख्रिस्ती उपासनेत उपकारस्तुतीला मध्यवर्ती स्थान आहे. ती एकट्याने मनात करावयाची गोष्ट नसून मंडळीने मिळून करावयाचे आचरण आहे. हे आचरण मराठी भूमीत कोणत्या रूपाने रुजावे आणि त्यात मिंधेपणाचा अंश कसा राहू नये, या दोन गोष्टींचा टिळकांनी ध्यास घेतला. प्रस्तुत लेखात त्यांच्या चरित्राकडे या एका अंगाने पाहावयाचे आहे.

२

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन कुटुंबात झाला. आई जानकीबाई ही भाविक आणि काव्याची आवड असणारी होती. वडील वामनराव करड्या स्वभावाचे होते. १८७३ मध्ये आई निवर्तली आणि मुलाचे घराशी असलेले नाते तुटल्यासारखे झाले. कोवळ्या वयातच ते घर सोडून नाशिकला गेले. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. इंग्रजी शिक्षण सुरू झाले, पण परिस्थितीमुळे ते फार काळ चालले नाही. या काळात त्यांचा निर्वाह आणि विद्या ही दोन्ही परक्यांच्या औदार्यावर अवलंबून होती. आपल्याला मिळालेले काहीच आपले नाही, ही जाणीव त्यांच्या ठायी पुढे इतकी तीव्र झालेली दिसते की हाती आलेली वस्तू दुसऱ्याला देऊन टाकणे हा त्यांचा स्वभावधर्म बनला. तिचे मूळ या दिवसांत शोधावे लागते.

१८८० च्या सुमारास नाशिकजवळील जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिका यांच्याशी त्यांचा विवाह झाला. याच पुढे लक्ष्मीबाई टिळक म्हणून मराठी साहित्यात अजरामर झाल्या. विवाहानंतर टिळकांचे जीवन कित्येक वर्षे भटके होते. शिक्षक, पुराणिक, कीर्तनकार अशी अनेक कामे त्यांनी केली. कोठेच स्थिर झाले नाहीत. १८९१ मध्ये नागपूरचे धनिक अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांच्या कामासाठी ते नागपुरास आले. या वास्तव्यात ‘ऋषि’ नावाचे मासिकही त्यांनी चालविले. जातिभेदाविषयी, मूर्तिपूजेविषयी आणि शास्त्रांच्या प्रामाण्याविषयी त्यांच्या मनात शंका उत्पन्न झाल्या होत्या. सर्व माणसांचा एक पिता आणि म्हणून सर्व माणसे भावंडे, अशा पायावर नवा धर्म उभारावा असे विचार त्यांच्या मनात घोळत होते. रेल्वेच्या डब्यात त्यांच्या हाती पुस्तक आले ते मनाच्या या अवस्थेत. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचन वाचताना, आपण शोधत होतो ते येथे आधीच सांगून ठेवले आहे, असा त्यांना प्रत्यय आला.

३

ख्रिस्ती धर्मातील उपकारस्तुतीचे स्वरूप येथे थोडक्यात पाहणे अगत्याचे आहे. प्रभुभोजनाच्या विधीला ग्रीक भाषेत जे नाव आहे त्याचा मूळ अर्थच आभार मानणे असा होतो. येशूने वधाच्या आदल्या रात्री शिष्यांसह भोजनास बसून भाकर हाती घेतली, पित्याचे आभार मानले, ती मोडली आणि सर्वांना दिली. आभार मानणे आणि वाटून देणे या येथे एकाच कृतीच्या दोन बाजू आहेत. जे मोडले आणि वाटले गेले नाही, त्याविषयीचे आभार अपुरे राहतात. पौलाच्या पत्रांतही आभार मानण्याचा उपदेश आहे, आणि तो मंडळीला, म्हणजे अनेकांना मिळून केलेला आहे. लूकच्या शुभवर्तमानात दहा कुष्ठरोगी बरे होतात, परंतु आभार मानावयास एकटाच परत येतो आणि तोही समाजाने परका ठरविलेला शोमरोनी असतो. कृतज्ञतेचा अधिकार कुलावर अवलंबून नाही, हे या कथेतून सूचित होते.

टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तो भारतीय आचार्याच्या हातून. रेव्हरंड तुकाराम नथोजी यांनी त्यांना हा संस्कार दिला. धर्मांतराची वार्ता कळताच नातेवाइकांनी त्यांच्याशी संबंध तोडले. लक्ष्मीबाई आणि लहान दत्तू यांच्यापासून त्यांची सुमारे पाच वर्षे ताटातूट झाली. ज्या क्षणाविषयी त्यांना ईश्वराचे आभार मानावयाचे होते, त्याच क्षणाने दुसऱ्या एका जिवाला उन्मळून टाकले होते. टिळकांच्या चरित्राचा विचार करताना ही गोष्ट दृष्टिआड करता येत नाही.

४

बाप्तिस्म्यानंतर टिळक अहमदनगर (सध्याचे अहिल्यानगर) येथे अमेरिकन मराठी मिशनच्या कामात दाखल झाले. हे मिशन मुंबईत १८१३ पासून व नगरात १८३१ पासून कार्य करीत होते. ‘ज्ञानोदय’ हे त्याचे नियतकालिक नगरातच १८४२ मध्ये निघाले. टिळक तेथील धर्मशिक्षणाच्या विद्यालयात शिकवू लागले, आणि १९०४ मध्ये त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली.

नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती मंडळ्यांत बहुसंख्य लोक महार आणि मांग या समाजांतून आलेले होते. ज्यांच्या स्पर्शाचा विटाळ मानण्याच्या संस्कारात टिळक वाढले, त्यांच्याच पंक्तीला बसून एका भाकरीचे तुकडे घेणे आता त्यांच्या उपासनेचा भाग झाला. उपकारस्तुतीचे सामुदायिक रूप म्हणजे काय, हे त्यांना येथे ग्रंथाबाहेर, प्रत्यक्षात अनुभवावयास मिळाले.

मंडळी जमत होती आणि गातही होती; परंतु गाण्यांतील मोठा भाग इंग्रजी स्तोत्रांची भाषांतरे असा होता. पाश्चात्त्य चालींत मराठी शब्द ओढूनताणून बसविलेले असत. या स्थितीला अपवाद होते. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी १८६० च्या दशकातच नगर परिसरात ख्रिस्ती कीर्तनाचा उपक्रम केला होता. टिळकांनी हा धागा उचलला आणि त्याला आपल्या प्रतिभेची जोड दिली. त्यांनी शेकडो भजने रचली. अभंग, ओवी, साकी, दिंडी ही मराठी माणसाच्या जिभेवर रुळलेली वृत्ते त्यांनी उपासनेत आणली. मराठी मंडळ्यांच्या ‘उपासनासंगीत’ या गीतसंग्रहात टिळकांच्या रचनांचे प्रमाण फार मोठे आहे, आणि त्या आजही गाइल्या जातात.

या परिवर्तनाचा अर्थ केवळ चालींच्या बदलापुरता नाही. भाषांतरित स्तोत्र गाताना गाणारा दुसऱ्याच्या शब्दांत आभार मानतो. अक्षरओळख नसलेल्याला तर ते पाठ होणेही कठीण जाते. अभंगाची गोष्ट निराळी आहे. त्याचे चरण आखूड असतात, ध्रुवपद पुनःपुन्हा येते, टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर एकाने म्हणावे आणि सर्वांनी उचलावे अशी त्याची घडण असते. शेतमजूर, म्हातारी आणि लेकरू यांना त्यात सारखाच वाटा मिळतो. वारकरी संप्रदायाने शतकानुशतके सिद्ध केलेले हे सामुदायिक साधन टिळकांनी ख्रिस्ती मंडळीच्या हाती दिले. आपण तुकारामाच्या सेतूवरून ख्रिस्ताच्या चरणांशी आलो, अशी त्यांची धारणा होती. पूर्वपरंपरा सोडलेला माणूस तिच्याविषयी जाहीरपणे कृतज्ञ राहतो, ही गोष्ट तत्कालीन धर्मांतरितांच्या लेखनात विरळा आहे. संतांचे उतराई होण्याचा जो भाव मराठी भक्तिकाव्यात आहे, तोच टिळकांनी ख्रिस्ती उपकारस्तुतीत विलीन केला. ‘अभंगांजली’ या त्यांच्या संग्रहातील रचनांचा गाभा हाच आहे.

५

सामुदायिक कृतज्ञतेची खरी परीक्षा मात्र देवळात नव्हे तर घरात झाली. सुमारे पाच वर्षांच्या वियोगानंतर लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या. आरंभी त्यांनी आपले सोवळे सांभाळले, स्वयंपाक व पाणी वेगळे ठेवले. टिळकांनी त्यांच्यावर बळजबरी केली नाही. जातिभेद मनुष्यनिर्मित आहे, याचा निर्णय लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या विचाराने केला आणि कोणाच्याही हातचे पाणी घेण्यास त्या सिद्ध झाल्या. १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पतीने सांगितले म्हणून त्या मंडळीत आल्या नाहीत, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. कारण आज्ञेने आलेली कृतज्ञता ही कृतज्ञता नव्हेच.

लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झाले. त्यातून टिळकांच्या दातृत्वाचे जे चित्र उभे राहते, ते चरित्रकारांच्या गौरवापेक्षा अधिक सत्य आहे. घरात आलेला पैसा गरजूच्या हाती जाई. पाहुणा केव्हाही येई. अनाथ मूल घरचे होई. ईश्वराने दिलेले वाटून टाकावे या श्रद्धेने टिळक देत, आणि उद्याच्या पिठामिठाची काळजी पत्नीच्या वाट्याला येई. दात्याच्या मनातील आनंद आणि गृहिणीचे कष्ट ही दोन्ही एकाच दानाची अंगे होती. लक्ष्मीबाईंनी हे सारे विनोदाच्या हलक्या हाताने रेखाटले आहे; तथापि त्या विनोदाखाली एक रास्त प्रश्न आहे. वाटून देण्याचा निर्णय एकट्याने घेतला तर ती वाटणी सामुदायिक कशी? टिळकांच्या ठिकाणी या प्रश्नाचे उत्तर सहजासहजी मिळत नाही. त्यांचा आवेग मोठा होता, आणि त्याची किंमत नेहमी त्यांनीच दिली असे नाही.

याच घराने त्र्यंबक बापूजी ठोमरे या तरुण कवीला जिव्हाळा दिला. बालकवी म्हणून प्रसिद्ध झालेला हा मुलगा टिळक पतिपत्नींच्या छत्राखाली काही काळ राहिला. त्याला धर्मांतराची अट नव्हती. ‘वनवासी फूल’सारखी कविता लिहिणाऱ्या, मुलाफुलांचे कवी म्हणून ओळखल्या गेलेल्या टिळकांना निसर्ग हे ईश्वराचे सर्वांना सारखे मिळालेले देणे वाटे. त्या देण्याविषयीचा आनंद ख्रिस्ती आणि बिगरख्रिस्ती कवीने एकत्र भोगण्यात त्यांना कोणतीच अडचण दिसली नाही.

६

टिळकांच्या आयुष्यातील अखेरचा टप्पा त्यांच्या विचाराचा निष्कर्ष आहे. १९१२ पासून त्यांनी ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन केले. राष्ट्रीय चळवळीचा तो काळ होता. ख्रिस्ती माणूस म्हणजे परकीयांचा आश्रित, ही समजूत बाहेरच्या समाजात दृढ होती. आणि मिशनच्या आतील रचनाही तिला पोषक होती. शाळा, दवाखाने, वेतन आणि मंदिरे हे सारे परदेशी देणग्यांवर चाले. भारतीय पाळक मिशनचा नोकर असे, आणि नोकराने धन्याविषयी कृतज्ञ राहावे ही अपेक्षा न बोलता असे.

येथेच टिळकांनी उपकारस्तुती आणि मिंधेपणा यांत भेद केला. मराठीत हे दोन्ही शब्द उपकाराभोवतीच फिरतात. पण त्यांची दिशा उलट आहे. मिंधा माणूस देणाऱ्यापुढे खाली वाकतो, देणारा वर राहतो आणि दोघांतील अंतर वाढते. उपकारस्तुतीत मात्र देणारा आणि घेणारा दोघेही एका तिसऱ्यापुढे, ईश्वरापुढे, उभे राहतात. म्हणून त्यांच्यात समानता येते. मिशनऱ्यांविषयी टिळकांच्या मनात द्वेष नव्हता; रॉबर्ट ह्यूम यांच्यासारख्या नगरच्या ज्येष्ठ मिशनऱ्यांसोबत त्यांनी अनेक वर्षे काम केले. वेतनाच्या संबंधामुळे ईश्वराचे आभार आणि संस्थेचे आभार एकमेकांत मिसळतात, एवढीच त्यांची तक्रार होती. परदेशी मंडळीने दिलेल्या विश्वासाचे ऋण फेडावयाचे तर हिंदी मंडळीने स्वतःच्या पायावर उभे राहून, स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या रीतीने ख्रिस्ताची उपासना करावी, अशी त्यांची भूमिका होती.

१९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी सेवा सोडली आणि संन्यस्त वृत्ती स्वीकारून सातारा येथे वास्तव्य केले. तेथे ‘देवाचा दरबार’ या नावाचा बंधुसंघ त्यांनी सुरू केला. ख्रिस्ताला गुरू मानणारे बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे दोन्ही प्रकारचे लोक त्यात सामावले जावेत, अशी त्याची कल्पना होती. दरबार हा शब्द मार्मिक आहे. राजाच्या दरबारात मानकऱ्यांची उतरंड असते. देवाच्या दरबारात सर्वच याचक आणि सर्वच मानकरी. एका अर्थाने हा दरबार म्हणजे प्रभुभोजनाच्या पंगतीचे मंडळीच्या कुंपणाबाहेर केलेले विस्तारण होते. ख्रिस्ती पंथांतील जबाबदार मंडळींना ही कल्पना धाडसाची वाटणे स्वाभाविक होते. बाप्तिस्म्याचे महत्त्व त्यामुळे उणे होते, असा आक्षेप तीवर घेता येतो. टिळकांना हा प्रयोग सिद्धीस नेण्यास अवधीच मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार देहाचे दहन करण्यात आले आणि अस्थी नगरला नेण्यात आल्या. ख्रिस्ती मंडळीत दफनाचा प्रघात असताना त्यांनी दहन पत्करले, हाही पूर्वजांच्या रीतीचा अखेरचा ऋणनिर्देशच म्हणावा लागेल.

७

टिळकांच्या भूमिकेची मर्यादाही नोंदविली पाहिजे. परंपरेविषयी कृतज्ञ राहणे हे ब्राह्मण कुळात जन्मलेल्या, संस्कृत शिकलेल्या टिळकांना जितके स्वाभाविक होते, तितके ते त्यांच्या नगरच्या मंडळीतील प्रत्येकाला असेलच असे नाही. ज्या परंपरेने त्यांना वेस ओलांडू दिली नाही, देवळात जाऊ दिले नाही, तिचे आभार त्यांनी का मानावेत, हा प्रश्न दलित ख्रिस्ती दृष्टीने अत्यंत न्याय्य आहे. या प्रश्नाचे शाब्दिक उत्तर टिळकांजवळ पुरेसे नव्हते. परंतु ज्या संतपरंपरेतून त्यांनी अभंग घेतला, तिच्यात चोखामेळ्याचाही स्वर होता, आणि देवळाबाहेर उभा राहूनही तो भक्तांच्या मेळ्यात गाइला जात होता. टिळकांनी परंपरेतून उचलले ते देऊळ नव्हे तर भजन, आणि भजनाला गाभारा नसतो. त्यांची निवड निर्दोष नसेल. पण ती विचारपूर्वक होती, एवढे मान्य करावे लागते.

टिळकांच्या मृत्यूनंतर त्यांचे जे काम अपुरे राहिले, त्यात ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य होते. १९०९ मध्ये त्यांनी ते आरंभिले आणि प्रारंभीचे काही अध्याय लिहिले. फारसे शालेय शिक्षण न लाभलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे चौसष्ट अध्याय रचून ते पूर्णत्वास नेले. १९३६ मध्ये लक्ष्मीबाईही निवर्तल्या आणि ग्रंथ १९३८ मध्ये प्रकाशित झाला. ज्या दातृत्वाचा भार आयुष्यभर त्यांनी मुकाट्याने किंवा भांडून वाहिला, त्याच पतीच्या काव्यात त्यांनी स्वतःच्या शब्दांची भर घातली. एकट्याने आरंभिलेली स्तुती दोघांची झाली. घरातील वाटणीच्या ज्या प्रश्नाला टिळकांना उत्तर देता आले नाही, त्याला लक्ष्मीबाईंनी अशा प्रकारे उत्तर दिले.

दरेकसाच्या डोंगरांतून जाणाऱ्या गाडीत टिळकांना जे मिळाले ते एका अनोळखी माणसाने दिलेले पुस्तक होते. त्यांनी ते परत केले नाही आणि देणाऱ्याचे मिंधेही राहिले नाहीत. अभंगाच्या, पंगतीच्या आणि दरबाराच्या रूपाने त्यांनी ते इतरांत वाटले. याच डोंगरांतील कचारगडच्या गुंफांकडे माघ पौर्णिमेला गोंड समाज आपल्या पूर्वजांच्या स्मरणासाठी मोठ्या संख्येने एकत्र येतो. श्रद्धा निराळी, देवता निराळी. तरीही उपकाराचे स्मरण एकट्याने पुरे होत नाही, त्याला मेळा लागतो, ही समज दोन्हींत समान आहे. टिळकांनी ख्रिस्ती उपासनेला मराठीपण दिले असे सर्वत्र म्हटले जाते. त्यांनी तिला मराठी मेळा दिला, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.